स्वनिर्मित विमानांतील पर्यायी विद्युत व्यवस्था

स्वनिर्मित विमानांतील पर्यायी विद्युत व्यवस्था म्हणजे कारखान्याऐवजी हौशी निर्मात्याने बांधलेल्या विमानात विजेचा एखादा स्रोत, तार किंवा उपकरण निकामी झाले तरी उड्डाण सुरक्षितपणे पूर्ण करता यावे, यासाठी केलेली राखीव योजना होय. अभियांत्रिकीत या तत्त्वाला 'अतिरिक्तता' असे म्हणतात. तिच्यात दुसरी बॅटरी, दुसरा अल्टरनेटर, अत्यावश्यक उपकरणांसाठी वेगळा बसबार, उपकरणांच्या अंतर्गत बॅटऱ्या, तसेच विजेवर अजिबात न चालणारी उपकरणे यांचा समावेश होतो.

अशा व्यवस्थेचे मूल्य बसवलेल्या स्रोतांच्या संख्येवर अवलंबून नसते. एकाच बिघाडाने सर्व स्रोत एकदम बंद पडू शकतात का, यावर ते ठरते. दोन बॅटऱ्या आणि दोन अल्टरनेटर असूनही त्यांची वीज एकाच कळीतून किंवा एकाच जोडणीतून जात असेल, तर ती जोडणी तुटताच संपूर्ण व्यवस्था कोलमडते.

## पार्श्वभूमी

स्वनिर्मित विमानांची चळवळ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत संघटित झाली. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन या संस्थेची स्थापना केली. अमेरिकी नियमांनुसार विमानाचा मोठा भाग, म्हणजे निम्म्याहून अधिक काम, शिक्षणासाठी किंवा छंद म्हणून हौशी व्यक्तींनी केलेले असेल, तर ते 'प्रायोगिक, हौशी बांधणीचे' या वर्गात नोंदवता येते.

सुरुवातीच्या काळातील अनेक स्वनिर्मित विमानांत विद्युत प्रणालीच नसे. पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू केले जाई. ठिणगीसाठी इंजिनावर दोन मॅग्नेटो असत. मॅग्नेटो हे इंजिनाच्या फिरण्यातूनच स्वतःची वीज निर्माण करणारे यंत्र आहे, त्यामुळे बॅटरी नसली तरी इंजिन चालू राहते. जायरो उपकरणे असल्यास ती निर्वात पंपावर, तर वेगमापक आणि उंचीमापक हवेच्या दाबावर चालत. अशा विमानात विजेचा बिघाड ही फार तर गैरसोय असे.

पुढे स्टार्टर, रेडिओ, ट्रान्सपाँडर आणि दिवे यांमुळे विजेची गरज वाढली. त्यानंतर पडद्यावर माहिती दाखवणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आली आणि अनेक निर्मात्यांनी निर्वात पंप काढून टाकला. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आणि संगणकनियंत्रित इंधन अंतःक्षेपण आल्यावर तर इंजिनच विजेवर अवलंबून राहू लागले. वीज गेल्यावर केवळ दिवे मालवण्याऐवजी इंजिन थांबण्याची शक्यता निर्माण झाल्याने पर्यायी व्यवस्था हा विमानाच्या आराखड्याचा मूलभूत भाग बनला.

या विषयाच्या लोकशिक्षणात अमेरिकेतील विद्युत अभियंता रॉबर्ट नकल्स यांचे काम विशेष परिचित आहे. त्यांच्या 'द एअरोइलेक्ट्रिक कनेक्शन' या ग्रंथातील आराखडे अनेक देशांतील हौशी निर्माते आधारभूत मानतात. एखादा भाग कधीच बिघडू नये अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा तो बिघडला तरी वैमानिकाला घाम फुटू नये अशी रचना करावी, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे.

## महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रातील स्वनिर्मित विमानाचे सर्वाधिक परिचित उदाहरण म्हणजे वैमानिक अमोल यादव यांचे टीएसी-००३ हे सहा आसनी विमान. मुंबईतील कांदिवली उपनगरात, चारकोप येथील निवासी इमारतीच्या गच्चीवर त्याची बांधणी झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते प्रदर्शित करण्यात आले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी या क्रमांकाने त्याची नोंदणी केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाल्यानंतर २०२० मध्ये धुळे येथील धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या.

कारखान्यात तयार होणाऱ्या प्रमाणित विमानाच्या प्रत्येक तारेमागे रचनाकारांचा गट, गुणवत्ता तपासनीस आणि चाचणी विभाग उभा असतो. स्वनिर्मित विमानात या सर्व भूमिका बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. एखादी जोडणी चुकीची झाली, तर ती चूक पकडणारा दुसरा डोळा नसण्याची शक्यता असते. त्यामुळे बिघाड सोसून घेणाऱ्या रचनेची गरज येथे अधिक भासते.

भूप्रदेश आणि हवामान यांमुळेही या गरजेला वेगळे परिमाण मिळते. कोकणात सपाट, मोकळी आणि कोरडी जमीन कमी आहे. रायगड जिल्ह्यातील पेण-रोहा पट्ट्यात, गागोदे बुद्रुकसारख्या गावांच्या परिसरात भातखाचरांचे बांध, टेकड्या आणि झाडी यांमुळे इंजिन बंद पडलेले विमान उतरवण्यास सोयीची जागा सहज मिळत नाही. पावसाळ्यात खाचरे पाण्याने भरलेली असतात. खारी व दमट हवा तारांच्या टोकांवर गंज चढवते, तर उन्हाळ्यातील उष्णता बॅटरीचे आयुष्य घटवते. अशा प्रदेशात इंजिनाला लागणारी वीज अखंड ठेवणे, हे रेडिओ किंवा दिवे चालू ठेवण्यापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचे ठरते.

## विद्युत प्रणालीची मूलभूत रचना

लहान विमानांत साधारणतः १२ व्होल्टची बॅटरी आणि सुमारे १४ व्होल्टवर वीज देणारा अल्टरनेटर असतो. काही मोठ्या विमानांत २४ व २८ व्होल्टची प्रणाली वापरतात. प्रणालीचे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत :

- बॅटरी : इंजिन सुरू करण्यासाठी मोठा विद्युत प्रवाह देते आणि अल्टरनेटर बंद पडल्यास काही काळ भार वाहते.
- अल्टरनेटर : इंजिनाच्या शक्तीवर वीज निर्माण करतो. क्षेत्रवेष्टन असलेल्या अल्टरनेटरला वीजनिर्मिती सुरू करण्यासाठी सहसा बाहेरून थोडी वीज लागते. स्थायी चुंबकाच्या डायनॅमोत चुंबकीय क्षेत्रासाठी अशी वीज लागत नाही.
- नियामक : अल्टरनेटरचे व्होल्टेज ठरावीक मर्यादेत ठेवतो.
- कॉन्टॅक्टर : मोठा प्रवाह जोडणारी किंवा तोडणारी, विजेनेच चालणारी कळ. बॅटरीचा कॉन्टॅक्टर चालू असेपर्यंत त्याचे वेटोळे सुमारे एक अँपिअरपर्यंत वीज सतत खाते.
- बसबार : ज्या सामाईक पट्टीवरून वेगवेगळ्या उपकरणांना वीज वाटली जाते ती पट्टी.
- फ्यूज आणि सर्किट ब्रेकर : दोष आलेल्या शाखेचा पुरवठा तोडून तारेला आग लागण्यापासून वाचवतात.
- ऋण जोडणी : उपकरणांतील वीज बॅटरीकडे परत नेणारा मार्ग.

फ्यूज किंवा ब्रेकर हा प्रामुख्याने तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून त्याची क्षमता तारेच्या जाडीवरून ठरवतात. उपकरण त्या मर्यादेत चालले पाहिजे. प्रत्येक शाखेला स्वतंत्र फ्यूज असल्यास एका दिव्याच्या दोषामुळे रेडिओ बंद पडत नाही. पर्यायी व्यवस्थेची ही सर्वांत स्वस्त आणि पहिली पायरी मानली जाते.

## इंजिनाचे विजेवरील अवलंबन

पर्यायी व्यवस्था किती असावी, हे प्रथम इंजिनाच्या प्रकारावरून ठरते.

पहिल्या गटात विमानाच्या विजेशिवाय चालणारी इंजिने येतात. दोन मॅग्नेटो आणि यांत्रिक इंधनपंप असलेली पारंपरिक इंजिने या गटातील आहेत. हलक्या विमानांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे ऑस्ट्रियन बनावटीचे रोटॅक्स ९१२ यूएल हे कार्ब्युरेटरचे इंजिनही यातच मोडते. त्याच्या दुहेरी प्रज्वलन प्रणालीला इंजिनातीलच स्वतंत्र वेटोळ्यांतून वीज मिळते. त्यामुळे विमानाची बॅटरी पूर्ण उतरली तरी चालू असलेले इंजिन थांबत नाही.

दुसऱ्या गटात अंशतः अवलंबून असलेली इंजिने आहेत. एक मॅग्नेटो आणि एक इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन अशी जोडी बसवल्यास वीज गेल्यावर मॅग्नेटोवर इंजिन चालू राहते. काही इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन यंत्रांत स्वतःचा लहान जनित्र असतो. इंजिन पुरेशा वेगाने फिरत असेपर्यंत त्यांना बाहेरील विजेची गरज राहत नाही.

तिसऱ्या गटातील इंजिने पूर्णतः विजेवर अवलंबून असतात. मोटारगाडीतून रूपांतरित केलेली बहुतेक आधुनिक इंजिने आणि संगणकनियंत्रित इंजिने यांत येतात. त्यांना इंधनपंप, अंतःक्षेपक, प्रज्वलन आणि नियंत्रक संगणक या सर्वांसाठी अखंड वीज लागते. २०१२ मध्ये सादर झालेल्या रोटॅक्स ९१२ आयएस या इंजिनात यासाठी दोन जनित्रे दिली आहेत. सामान्य स्थितीत एक जनित्र फक्त इंजिनाच्या नियंत्रण प्रणालीला, तर दुसरे विमानातील इतर उपकरणांना वीज पुरवते. पहिले बंद पडल्यास दुसरे इंजिनाकडे वळवले जाते आणि विमानाचा उर्वरित भार बॅटरीवर राहतो. इंजिनाची गरज इतर सर्व गरजांच्या आधी भागवावी, हा प्राधान्यक्रम या रचनेतून स्पष्ट दिसतो.

भारतात बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने विकसित केलेल्या हंसा विमानाच्या नव्या पिढीतही डिजिटल नियंत्रणाचे रोटॅक्स इंजिन आहे. या 'हंसा-एनजी'ने ३ सप्टेंबर २०२१ रोजी पहिले उड्डाण केले. ते स्वनिर्मित विमान नसले, तरी लहान विमानांची इंजिने विजेवर अवलंबून राहण्याकडे कशी झुकत आहेत, याचे ते भारतीय उदाहरण आहे.

## बिघाडांचे प्रकार

अल्टरनेटर बंद पडणे. पट्टा तुटणे, क्षेत्रवेष्टनाची तार निसटणे किंवा नियामक निकामी होणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. बॅटरी भार उचलत असल्याने बिघाड लगेच लक्षात येत नाही. म्हणून व्होल्टेज सुमारे १३ व्होल्टच्या खाली येताच पेटणारा इशारादर्शक दिवा आवश्यक मानला जातो. अल्टरनेटर चालू असताना व्होल्टेज सुमारे १३.८ ते १४.४ असते, तर पूर्ण भारित पण विश्रांत शिसे-आम्ल बॅटरीचे सुमारे १२.८ असते. या फरकामुळे बॅटरी उतरण्यापूर्वीच इशारा मिळू शकतो.

अतिव्होल्टेज. नियामक निकामी होऊन अल्टरनेटर अनिर्बंध वीज देऊ लागला, तर काही क्षणांत सर्व इलेक्ट्रॉनिक उपकरणे धोक्यात येतात. यावर उपाय म्हणून सुमारे १६ व्होल्टला क्षेत्रवेष्टनाचा पुरवठा तोडणारे संरक्षक मंडल बसवतात. अंतर्गत नियामक असलेल्या मोटारगाडीच्या अल्टरनेटरला बाहेरून असे बंद करता येतेच असे नाही. तेथे त्याच्या मुख्य तारेत स्वतंत्र कॉन्टॅक्टर घालावा लागतो.

बॅटरी किंवा तिचा कॉन्टॅक्टर निकामी होणे. बॅटरी प्रणालीपासून तुटल्यास अल्टरनेटरचे व्होल्टेज अस्थिर होऊ शकते. भार अचानक वाढल्यास अल्टरनेटर मंदावून बंद पडण्याची आणि पुन्हा सुरू न होण्याची शक्यता असते.

तारा आणि जोडण्यांतील दोष. कंपनाने घासलेली तार, सैल दाबलेले टोक, गंजलेली ऋण जोडणी हे स्वनिर्मित विमानांतील लक्षणीय दोष आहेत. स्रोत शाबूत असूनही वीज उपकरणापर्यंत पोहोचत नाही आणि दोष मधूनमधून दिसत असल्यास तो शोधणे कठीण जाते.

धूर आणि आग. कॉकपिटमध्ये धूर झाल्यास वैमानिकाला मुख्य वीज तोडावी लागते. इंजिन त्याच मुख्य कळीवर चालत असेल, तर आग विझवणे आणि इंजिन चालू ठेवणे यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ येते. विजेवर अवलंबून असलेल्या इंजिनाचा पुरवठा मुख्य कळीपासून वेगळा ठेवण्यामागे हे महत्त्वाचे कारण आहे.

## प्रचलित रचना

### अत्यावश्यक बसबार

एक अल्टरनेटर आणि एक बॅटरी असलेल्या विमानात हा सर्वांत साधा उपाय आहे. उड्डाण पूर्ण करण्यासाठी खरोखर लागणारी उपकरणे एका वेगळ्या बसबारवर घेतात. त्याला नेहमी मुख्य बसबारवरून डायोडमार्गे वीज मिळते. अल्टरनेटर बंद पडल्यास वैमानिक एक कळ दाबून याच बसबारला बॅटरीवरून थेट वीज देतो आणि मुख्य कॉन्टॅक्टर बंद करतो. डायोडमुळे वीज मुख्य बसबारकडे उलट जात नाही, अनावश्यक भार आपोआप गळतो आणि कॉन्टॅक्टरचा भारही वाचतो. कॉन्टॅक्टरच निकामी झाला तरी दुसरा मार्ग उपलब्ध असतो.

सिलिकॉन डायोडमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात. दहा अँपिअर प्रवाह असल्यास सात वॉट उष्णता निर्माण होते, त्यामुळे डायोड धातूच्या पृष्ठावर घट्ट बसवावा लागतो.

### दुय्यम अल्टरनेटर

निर्वात पंप काढल्यावर इंजिनावरील त्याची मोकळी जागा लहान जनित्रासाठी वापरता येते. आठ अँपिअर क्षमतेचा स्थायी चुंबकाचा डायनॅमो अशा ठिकाणी बसवण्याची पद्धत रूढ आहे. अत्यावश्यक भार या क्षमतेत बसवला, तर मुख्य अल्टरनेटर बंद पडल्यावरही बॅटरी जवळपास भरलेली राहते आणि इंधन असेपर्यंत उड्डाण करता येते. उतरताना लागणारे दिवे व इतर भार त्या वेळी बॅटरी उचलते.

### दोन बॅटऱ्या

विजेवर अवलंबून असलेल्या इंजिनासाठी एक अल्टरनेटर आणि दोन बॅटऱ्या ही रचना वापरली जाते. दोन्ही बॅटऱ्या अल्टरनेटरने भरल्या जातात, परंतु बिघाडाच्या वेळी एकमेकींपासून अलग होतात. इंजिनाच्या नियंत्रकाला दोन्हींकडून स्वतंत्र फ्यूज आणि स्वतंत्र तारेने वीज मिळते. एक बॅटरी दरवर्षी बदलून जुनी दुसऱ्या जागी वापरली, तर दोन्ही एकाच वेळी म्हाताऱ्या होत नाहीत.

### दोन पूर्ण स्वतंत्र प्रणाली

दोन अल्टरनेटर, दोन बॅटऱ्या आणि दोन मुख्य बसबार अशी ही रचना असते. दोहोंमध्ये जोडकॉन्टॅक्टर असून तो सामान्यतः उघडा ठेवतात. ही रचना ढगांतून उपकरणांच्या आधारे लांब पल्ल्याचे उड्डाण करणाऱ्या विमानांना उपयुक्त आहे. तिचे वजन, खर्च आणि गुंतागुंत अधिक असते. केवळ दिवसा, स्वच्छ हवामानात उडणाऱ्या मॅग्नेटोच्या विमानाला तिची सहसा गरज नसते.

### उपकरणांच्या अंतर्गत बॅटऱ्या

अनेक इलेक्ट्रॉनिक उपकरण फलकांना स्वतःची लहान बॅटरी जोडता येते. हातात धरायचा रेडिओ आणि स्वतंत्र बॅटरीचा दिशादर्शक हेही पर्यायी व्यवस्थेचेच भाग होत. मुख्य प्रणालीशी तारेने जोडलेले नसल्याने ते तिच्या बिघाडापासून अलिप्त राहतात.

## भारगणना

राखीव बॅटरी किती वेळ पुरेल, हे ठरवण्यासाठी प्रत्येक उपकरणाचा प्रवाह मोजून बेरीज करतात. बॅटरीवर छापलेली क्षमता नवी बॅटरी मंद गतीने रिकामी करताना मिळणारी असते. जास्त प्रवाह, कमी तापमान आणि वय यांमुळे ती घटते, म्हणून गणनेत तिचा काही भागच उपलब्ध धरतात.

उदाहरणादाखल १६ अँपिअर-तासांची बॅटरी घेऊन तिची ६० टक्के, म्हणजे ९.६ अँपिअर-तास क्षमता उपलब्ध धरल्यास पुढील चित्र दिसते :

| स्थिती | भार (अँपिअर) | अंदाजे कालावधी |
|---|---|---|
| सर्व उपकरणे आणि दिवे चालू | २० | २९ मिनिटे |
| फक्त अत्यावश्यक उपकरणे. इंजिन मॅग्नेटोवर | ४ | २ तास २४ मिनिटे |
| अत्यावश्यक उपकरणे (४) आणि विजेवरील इंजिन (१२) | १६ | ३६ मिनिटे |

या गणनेत चार अँपिअरच्या अत्यावश्यक भारात उपकरण फलक, रेडिओचा श्रवणभाग, ट्रान्सपाँडर आणि इंजिन निरीक्षक धरले आहेत. बारा अँपिअरमध्ये इंधनपंप, अंतःक्षेपक, प्रज्वलन आणि नियंत्रक येतात. तीच बॅटरी एका विमानाला बहुधा मुक्कामापर्यंत नेते, तर दुसऱ्याला जवळची धावपट्टी शोधण्यापुरताच अवधी देते. त्यामुळे मॅग्नेटोच्या विमानाचा आराखडा विजेवरील इंजिनाला जसाच्या तसा लावणे धोक्याचे ठरते.

## समाईक कारण आणि सुप्त बिघाड

दोन स्वतंत्र स्रोतांपैकी प्रत्येक एका उड्डाणात बंद पडण्याची शक्यता हजारात एक मानली, तर दोन्ही एकाच उड्डाणात बंद पडण्याची शक्यता गणिताने दहा लाखांत एक येते. परंतु दोन्हींची वीज एकाच जोडणीतून जात असेल आणि ती जोडणी तुटण्याची शक्यता दहा हजारात एक असेल, तर पूर्ण अंधाराची शक्यता दहा हजारात एकपेक्षा कमी होऊच शकत नाही. तिसरा स्रोत वाढवूनही हा आकडा सुधारत नाही. ती जोडणी दुहेरी केल्यासच सुधारतो.

४ मार्च २००७ रोजी जर्मनीतील स्पायर येथे घडलेली घटना या संदर्भात उद्‌बोधक आहे. डायमंड डीए४२ या दोन इंजिनांच्या, कारखान्यात बनलेल्या आणि प्रमाणित विमानाची बॅटरी उतरलेली असल्याने इंजिने सुरू करण्यासाठी बाहेरील विजेचा आधार घेण्यात आला. उड्डाणानंतर चाके आत घेताना विजेचा भार वाढला, व्होल्टेज क्षणभर कोसळले आणि दोन्ही इंजिनांचे नियंत्रक संगणक बंद पडून दोन्ही इंजिने थांबली. दोन इंजिने आणि दोन अल्टरनेटर असूनही विजेची एक उणीव दोहोंना भोवली. त्यानंतर इंजिन नियंत्रकांसाठी स्वतंत्र राखीव बॅटऱ्यांची तरतूद करण्यात आली.

स्वनिर्मित विमानांत आढळणारी समाईक ठिकाणे पुढीलप्रमाणे आहेत :

- दोन्ही प्रज्वलनांची किंवा दोन्ही इंधनपंपांची वीज एकाच फ्यूजवरून घेणे;
- सर्व ऋण तारा एकाच बोल्टवर आणणे;
- दोन्ही पुरवठ्यांच्या तारा एकाच जुडग्यात बांधून गरम धुराड्याजवळून नेणे;
- दोन्ही बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, एकाच वयाच्या आणि एकाच जागी ठेवणे;
- मुख्य व राखीव पुरवठा निवडण्यासाठी एकच कळ वापरणे.

लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटऱ्या हलक्या असल्याने लोकप्रिय आहेत. त्यांचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत स्थिर राहून मग झपाट्याने घसरते. शिवाय त्यांतील संरक्षक मंडल दोष जाणवताच बॅटरी पूर्णपणे तोडू शकते. विजेवरील इंजिनासाठी अशी एकच बॅटरी ठेवणे म्हणूनच जोखमीचे मानतात.

राखीव भाग आधीच निकामी झालेला असणे, पण मुख्य भाग चालू असल्याने ते न कळणे, याला सुप्त बिघाड म्हणतात. अत्यावश्यक बसबारचा डायोड, पर्यायी मार्गाची कळ आणि राखीव बॅटरी हे त्याचे नेहमीचे बळी होत. न तपासलेली राखीव व्यवस्था कागदावर असते, हवेत असेलच असे नाही.

## तपासणी आणि चाचणी

उड्डाणापूर्वीच्या तपासणीत प्रत्येक राखीव मार्ग एकेकटा चालवून पाहतात. मुख्य कॉन्टॅक्टर बंद करून अत्यावश्यक बसबार जिवंत राहतो का, दोन्ही प्रज्वलने आणि दोन्ही पंप स्वतंत्रपणे चालतात का, मुख्य अल्टरनेटर बंद केल्यावर इशारादर्शक दिवा लागतो का आणि दुय्यम अल्टरनेटर भार उचलतो का, हे जमिनीवरच पाहिले जाते.

वार्षिक तपासणीत बॅटरीची क्षमता मोजतात. ठरावीक अत्यावश्यक भार लावून व्होल्टेज किमान मर्यादेपर्यंत येण्यास लागणारा वेळ नोंदवला जातो. तो योजलेल्या वेळेपेक्षा कमी आल्यास बॅटरी इंजिन सुरू करत असली तरी बदलतात. इंजिन सुरू होण्यास काही सेकंद मोठा प्रवाह पुरतो. पाऊण तास उपकरणे चालवण्याची क्षमता त्यावरून सिद्ध होत नाही.

तारांसाठी कल्हई केलेल्या तांब्याची, उष्णतारोधक वेष्टनाची विमान दर्जाची तार वापरतात. टोके योग्य साधनाने दाबून बसवली जातात आणि तारेला दर काही अंतरावर आधार दिला जातो. किनारी भागात ऋण जोडण्या आणि बॅटरीची टोके यांची गंजासाठी अधिक वेळा पाहणी करावी लागते. प्रत्यक्ष जोडणीशी जुळणारा विद्युत आराखडा विमानासोबत ठेवणे महत्त्वाचे असते. निर्मात्यानंतर विमान हाती घेणाऱ्याला तारांचे जाळे समजण्याचा तोच मुख्य आधार असतो.

## बिघाडाच्या वेळी कार्यपद्धती

चांगल्या रचनेत वैमानिकाला हवेत दोष शोधत बसावे लागत नाही. इशारादर्शक दिवा लागल्यावर करायच्या कृती मोजक्या आणि ठरलेल्या असतात : पर्यायी पुरवठा चालू करणे, मुख्य कॉन्टॅक्टर बंद करणे, अनावश्यक भार कमी करणे आणि उपलब्ध वेळेत गाठता येईल अशी धावपट्टी निवडणे. इंजिन विजेवर अवलंबून असल्यास प्रथम त्याचा पुरवठा निश्चित केला जातो. उडालेला सर्किट ब्रेकर पुन्हा पुन्हा बसवणे टाळतात, कारण त्यामुळे तापलेल्या तारेला आग लागू शकते.

रेडिओ बंद पडल्यास ट्रान्सपाँडरवर ७६०० हा संकेत लावला जातो. इतर आणीबाणीसाठी ७७०० वापरतात. ट्रान्सपाँडरही बंद असल्यास नियंत्रण मनोऱ्यावरील प्रकाशसंकेत पाहतात. हवेतील विमानासाठी स्थिर हिरवा प्रकाश म्हणजे उतरण्यास परवानगी, तर स्थिर लाल म्हणजे इतर विमानाला वाट देऊन घिरट्या घालत राहणे होय.

## नियम

भारतात विमानांची नोंदणी आणि उड्डाणयोग्यता डीजीसीएच्या अखत्यारीत येते. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

अमेरिकेत प्रमाणित लहान विमानांच्या निकषांत अल्टरनेटर बंद पडल्यावर बॅटरीने अत्यावश्यक भार किमान ३० मिनिटे वाहावा, अशी अट होती. २५,००० फुटांपेक्षा अधिक उंचीसाठी मंजूर विमानांना ती ६० मिनिटांची होती. स्वनिर्मित विमानांना हे निकष थेट लागू होत नसले, तरी अनेक निर्माते ते किमान मापदंड म्हणून स्वीकारतात. रात्रीच्या उड्डाणासाठी विजेचा पुरेसा स्रोत आणि वैमानिकाच्या हाताशी राखीव फ्यूज असणे अमेरिकी नियमांत अपेक्षित आहे. ब्रिटनमध्ये स्वनिर्मित विमानांच्या बांधणीवर लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे निरीक्षक देखरेख ठेवतात.

## मर्यादा

प्रत्येक वाढीव भागाबरोबर वजन, जोडण्या आणि चुकीच्या संधी वाढतात. तीन बसबार आणि डझनभर कळी असलेल्या फलकावर घाईत चुकीची कळ दाबली जाण्याचा धोका असतो. म्हणून अनेक अनुभवी निर्माते साधेपणाला सुरक्षिततेचा भाग मानतात. दिवसा उडणाऱ्या, मॅग्नेटोवर चालणाऱ्या विमानाला एक चांगली बॅटरी, अत्यावश्यक बसबार आणि हातातील रेडिओ पुरेसा ठरू शकतो. विजेवर इंजिन चालणाऱ्या विमानाला मात्र स्रोतापासून इंजिनापर्यंत दोन पूर्णपणे वेगळ्या वाटा आवश्यक मानल्या जातात.

विद्युत व्यवस्था कितीही सक्षम असली, तरी इंधन संपणे, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचणे किंवा यांत्रिक बिघाड यांपासून ती संरक्षण देत नाही. आपत्कालीन अवतरणाचा सराव आणि मार्गाची निवड यांना त्यामुळे पर्याय नाही.

## हेसुद्धा पहा

- मॅग्नेटो
- अल्टरनेटर
- अमोल यादव
- हंसा (विमान)
- नागरी विमान वाहतूक महासंचालनालय